जिल्हा रुग्णालयातील मनोविकारतज्ज्ञ टिकवावा कसा

मनोविकारतज्ज्ञाच्या राजीनाम्यात सहसा एकच कारण लिहिलेले असते: ‘वैयक्तिक कारणास्तव’. पश्चिम विदर्भातील एका जिल्हा रुग्णालयात सव्वाचार वर्षे काम केल्यानंतर मी दिलेल्या राजीनाम्यातही हेच शब्द होते. त्यावर सही करताना साहेबांनी ‘पगाराचं काही होतं का?’ एवढेच विचारले, मी ‘नाही, तसं काही नाही’ म्हणालो, आणि चहा पिऊन आम्ही उठलो. त्या दिवशी बोलायचे राहून गेलेले आता लिहीत आहे. जिल्हा शल्य चिकित्सक (जिल्हा रुग्णालयाचे प्रमुख), निवासी वैद्यकीय अधिकारी, मानसिक आरोग्य कार्यक्रम पाहणारे अधिकारी आणि रुग्ण कल्याण समितीचे सदस्य यांना मंत्रालयाची वाट न पाहता आपल्याच पातळीवर काय करता येईल, एवढ्यापुरतेच हे लेखन मर्यादित आहे.

देशात लाख लोकसंख्येमागे सरासरी पाऊण मनोविकारतज्ज्ञ असल्याचे मानले जाते. २०११ च्या जनगणनेत यवतमाळ जिल्ह्याची लोकसंख्या २७ लाखांहून अधिक होती, म्हणजे या तोकड्या सरासरीनेही तिथे वीस तज्ज्ञ हवेत. यवतमाळ, अकोला, चंद्रपूर, गोंदिया येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत आणि वर्ध्याला सेवाग्राम व सावंगी येथील वैद्यकीय महाविद्यालयांचा आधार आहे. परंतु जिथे सारी भिस्त जिल्हा रुग्णालयातील एकाच माणसावर असते, तिथे तो गेला की गरीब रुग्णापुढे नागपूरचे प्रादेशिक मनोरुग्णालय किंवा शहरातील खासगी दवाखाना एवढेच दोन रस्ते उरतात, आणि दोन्हींसाठी एका माणसाची दिवसभराची मजुरी बुडवून एसटीचे तिकीट काढावे लागते.

माझे म्हणणे एवढेच आहे की या पदावरचा माणूस कामाच्या ओझ्याने जात नाही. जबाबदारी सगळी त्याची आणि अखत्यार कशावरच नाही, या अवस्थेला कंटाळून तो जातो. पुढचे सगळे उपाय त्याच्या हाती थोडा अखत्यार आणि त्याच्या शेजारी आणखी दोन माणसे देण्याचे आहेत.

पगाराचा मुद्दा आधी निकाली काढा

पगार हे कारण खोटे नाही, पण ज्याला केवळ पैसा हवा असतो तो जिल्हा रुग्णालयाची पायरी चढतच नाही. जो येतो त्याने खासगी व्यवसायातील उत्पन्नावर बऱ्याच अंशी पाणी सोडलेले असते. त्याला डाचते ते वेगळेच. राष्ट्रीय आरोग्य अभियानातून नेमलेल्या कंत्राटी तज्ज्ञाचा करार अकरा महिन्यांचा असतो, मुदतवाढीचा आदेश रेंगाळला की मधल्या काळातील मानधन अडकते, आणि दरवर्षी एकदा स्वतःच्याच पैशांसाठी लिपिकाच्या टेबलापुढे उभे राहावे लागते. तिसऱ्या वर्षी माणूस मनातल्या मनात शहरात गाळा शोधू लागतो. म्हणून करार संपण्याच्या दोन महिने आधी मुदतवाढीचा प्रस्ताव स्वतःहून पाठवावा, त्याचा जावक क्रमांक तज्ज्ञाला कळवावा, आणि त्याला त्यासाठी एकदाही विचारणा करावी लागू नये.

अभियानात तज्ज्ञांशी मानधनाची बोलणी करण्याची एक सोय आहे. ‘तुम्ही रक्कम सांगा, आम्ही देऊ’ अशा अर्थाच्या नावाने ती ओळखली जाते. गोची अशी होते की ती नव्याने येणाऱ्यासाठी वापरली जाते आणि तीन वर्षे राबलेला जुना माणूस जुन्याच आकड्यावर राहतो. वाढीचा प्रस्ताव आधी जुन्यासाठी करावा.

बंधपत्राच्या, म्हणजे शिक्षणानंतरच्या सक्तीच्या सरकारी सेवेच्या, एका वर्षासाठी आलेल्या तरुण डॉक्टरांचा हिशेब निराळा आहे. ते जाणार हे गृहीत धरून अनेक अधिकारी त्यांना पहिल्या दिवसापासून पाहुण्यासारखे वागवतात, आणि मग ते पाहुण्यासारखेच जातात. पहिल्या महिन्यात स्वतंत्र खोली, दाराला लागणारी कडी आणि एक समुपदेशक एवढे मिळालेला डॉक्टर निदान दुसऱ्या वर्षाचा विचार तरी करतो.

एक दिवस त्याच्या ओपीडीत बसा

कोणताही उपाय करण्यापूर्वी एक पूर्ण सकाळ त्याच्या खोलीत, कोपऱ्यातील खुर्चीवर बसून काढावी. अहवालात दिसणारी रुग्णसंख्या आणि खोलीत घडणारे काम यांत किती अंतर आहे ते दुसऱ्या कोणत्याही मार्गाने कळत नाही.

नऊ वाजता बाहेरच्या बाकावर आणि बाकाखाली मिळून चाळीसेक माणसे असतात. दार उघडेच असते, कारण ते बंद केले की रांगेतली माणसे ढकलतात. त्यामुळे आत बसलेली सून सासूबद्दल जे सांगत असते ते बाहेरची सासूही ऐकत असते. जुन्या रुग्णाला तीन मिनिटे, नव्याला जेमतेम दहा. मध्येच दोन पोलिस शिपाई बसस्थानकावर सापडलेल्या फिरस्त्या बाईला घेऊन येतात आणि ‘साहेब, जरा लवकर लिहून द्या’ म्हणून घड्याळाकडे पाहतात. दिव्यांग मंडळाचा दिवस असेल तर प्रमाणपत्राची रांग वेगळी. संजय गांधी निराधार योजनेचे अनुदान दिव्यांगत्व चाळीस टक्क्यांच्या अलीकडे की पलीकडे यावर अवलंबून असल्याने, तो वाद तहसीलमध्ये न होता डॉक्टरच्या टेबलावर होतो, कधी गावपुढाऱ्याच्या फोनसह. दोन वाजता ओपीडी संपते तेव्हा भरायच्या तक्त्यांची थप्पी तशीच असते.

हे पाहून झाल्यावर दोन गोष्टी त्याच आठवड्यात करता येतात. प्रमाणपत्राचा दिवस ओपीडीपासून वेगळा करावा, आणि टक्केवारीबाबत येणारे फोन शल्य चिकित्सकांनी स्वतः घ्यावेत. दुसऱ्या कामाला एक पैसाही लागत नाही, आणि कनिष्ठ सहकाऱ्याला आपल्यामागे कोणीतरी उभे आहे हे त्याहून स्पष्टपणे सांगता येत नाही.

औषधांचा खंड

या मुद्द्यावर मी जास्त रेंगाळणार आहे, कारण माझा स्वतःचा निर्णय इथेच झाला.

तालुक्याच्या पलीकडील एका गावाहून एक आई चोवीस वर्षांच्या मुलाला घेऊन येत असे. मुलाला स्किझोफ्रेनिया होता, ओलॅन्झापीनवर तो दीड वर्ष उत्तम होता, बैलजोडी हाकत होता, घरचे लग्नाचे बोलू लागले होते. एका भेटीत ती औषधखिडकीवरून परत आली आणि एकच पाकीट टेबलावर ठेवून म्हणाली, ‘डॉक्टरसाहेब, थरथर थांबाची गोळी भेटली जी, आजाराची नाही भेटली.’ खिडकीवर ट्रायहेक्सिफेनिडील होते, ओलॅन्झापीन नव्हते. मी बाहेरून घ्यायची चिठ्ठी लिहून दिली. ती चिठ्ठी तिने घडी करून पदराला बांधली, आणि दोन महिन्यांनी मुलाला दोरीने बांधून मालवाहू रिक्षातून आणले तेव्हाही ती तशीच पदरात होती. त्या दिवशी माझ्या हाताला चावलेला मुलगा मीच दीड वर्ष बरा केलेला होता. असे वर्षातून आठ-दहा वेळा झाले की डॉक्टरला आपल्या ज्ञानाचाच वैताग येऊ लागतो.

यंत्रणेचे कारण सर्वांना ठाऊक आहे. जिल्ह्याकडून वर्षाची मागणी जाते आणि खरेदी राज्याच्या पातळीवर होते. २०१७ पासून ती हाफकिन महामंडळाकडे होती आणि २०२३ मध्ये त्यासाठी स्वतंत्र प्राधिकरणाचा कायदा झाला. ताप-खोकल्याच्या औषधात खंड पडला तर ओरड होते, वर्तमानपत्रात बातमी येते. मनोविकाराच्या औषधात खंड पडला तर रुग्ण घरी बसतो, बिघडतो आणि गप्पपणे बांधला जातो. ओरडणारे कोणी नसल्यामुळे यादीत ही औषधे शेवटी राहतात.

जिल्ह्याच्या पातळीवर उपाय असा आहे. मनोविकारतज्ज्ञाने दहा-बारा औषधांची ‘खंड चालणार नाही’ अशी यादी करावी: रिस्पेरिडोन, ओलॅन्झापीन, हॅलोपेरिडॉल, फ्लुऑक्झेटीन, एस्सिटॅलोप्रॅम, अमिट्रिप्टिलिन, लिथियम, सोडियम व्हॅल्प्रोएट, क्लोझापीन, लोराझेपाम, आणि गोळ्या न घेणाऱ्यांसाठी फ्लुफेनाझिनचे इंजेक्शन. या प्रत्येकाचा तीन महिन्यांचा साठा ही किमान पातळी ठरवावी, आणि साठा त्याखाली गेला की स्थानिक खरेदीचा प्रस्ताव औषधनिर्माण अधिकाऱ्याने स्वतःहून मांडावा, असा लेखी आदेश काढावा. रुग्ण कल्याण समितीच्या निधीतून यासाठी वर्षाच्या सुरुवातीलाच एक रक्कम राखून ठेवावी. समितीतील सदस्यांना हा खर्च पटवायचा असेल तर नागपूरला रुग्ण पोहोचवण्याच्या रुग्णवाहिकेच्या एका फेरीचे डिझेल आणि एका रुग्णाची महिन्याची ओलॅन्झापीन यांचे आकडे शेजारी शेजारी लिहून दाखवावेत. दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला साठ्याचा एक कागद तज्ज्ञाच्या टेबलावर यावा, म्हणजे औषध संपल्याची बातमी त्याला रुग्णाच्या तोंडून कळणार नाही.

लिथियमबाबत एक जोड. रक्तातील पातळी मोजण्याची सोय नसेल तर विवेकी डॉक्टर ते औषध सुरू करायला कचरतो, आणि जे आजार त्याने उत्तम आवरतात ते अर्धवट उपचारांवर राहतात. जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेशी आठवड्यातून एक दिवस नमुने पाठवण्याचे ठरवून घेणे हे एका पत्राचे काम आहे.

कोणते काम त्याचे नाही, हे लिहून द्या

‘डॉक्टर म्हणजे डॉक्टर’ या न्यायाने मनोविकारतज्ज्ञाला अपघात विभागाच्या रात्री, शवविच्छेदन, मंत्र्यांच्या ताफ्यामागची ड्यूटी आणि आश्रमशाळेची तपासणी हे सारे लागते. मनुष्यबळ कमी असताना कोणी पूर्ण मोकळा राहू शकत नाही, हे मलाही मान्य आहे. पण सोमवारी रात्रभर जागलेला माणूस मंगळवारी सकाळी आत्महत्येचा विचार बोलून दाखवणाऱ्या मुलीसमोर बसतो तेव्हा तो तिचे ऐकत असतोच असे नाही. त्यामुळे निदान ओपीडीच्या आदल्या रात्री त्याला ड्यूटी नसावी, आणि हे तोंडी न राहता तक्त्यात छापलेले असावे.

उलट दिशेनेही वाटणी हवी. रात्री दोन वाजता कोणी ‘अंगात आल्यासारखे’ करत आला की अपघात विभागातून मनोविकारतज्ज्ञाला फोन जातो. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ चे कलम ९४ कोणत्याही नोंदणीकृत डॉक्टरला, रुग्णाचा नामनिर्देशित प्रतिनिधी (कायद्यानुसार त्याच्या वतीने निर्णय घेणारा माणूस) उपलब्ध असल्यास त्याच्या संमतीने, ७२ तासांपर्यंत तातडीचे उपचार करण्याची मुभा देते. अनेक वैद्यकीय अधिकाऱ्यांना हे माहीतच नसते, किंवा माहीत असूनही ते सोयीस्कर विसरतात. सहा महिन्यांतून एकदा अर्ध्या दिवसाचे प्रशिक्षण ठेवून बेभान रुग्ण शांत कसा करावा आणि दारू एकाएकी सुटल्यानंतरचा थरकाप कसा ओळखावा एवढे शिकवले, तर रात्रीचे निम्मे फोन थांबतात. वर्धा आणि गडचिरोली जिल्ह्यांत दारूबंदी आहे म्हणून असे रुग्ण येत नाहीत, असा समज कोणाचा असेल तर त्याने तिथल्या मेडिसीन वॉर्डात पोळ्यानंतरच्या आठवड्यात एक फेरी मारावी.

कायद्याची कागदपत्रे हे दुसरे ओझे. ‘आधाराने’, म्हणजे नामनिर्देशित प्रतिनिधीच्या अर्जावरून, दाखल केलेल्या रुग्णाची मुदत ३० दिवसांची असते, दाखल केल्याची माहिती या कायद्याखालील मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाला ७ दिवसांत आणि स्त्री किंवा अल्पवयीन रुग्ण असल्यास ३ दिवसांत कळवावी लागते. कायदा चांगला आहे, त्याने रुग्णाला माणूस म्हणून उभे केले आहे. पण त्याचे नमुने भरण्याचे काम तज्ज्ञाचे नव्हे. १९९६ साली सुरू झालेल्या जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात मनोविकारतज्ज्ञासोबत चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ, मनोविकार सामाजिक कार्यकर्ता आणि परिचारिका यांची पदे आहेत, ती याचसाठी. ती रिकामी असतील तर तज्ज्ञाच्या पदाची जाहिरात काढण्याआधी त्यांची काढावी. भरलेली असतील तर त्या माणसांना लसीकरणाच्या किंवा इतर कार्यक्रमांच्या नोंदी करायला पाठवू नये. माझ्याकडील सामाजिक कार्यकर्ता वर्षातील चार महिने दुसऱ्याच विभागाचे तक्ते भरत होता.

आणि एक सुरक्षारक्षक. खोलीला दुसरे दार असेल तर टेबल असे ठेवावे की डॉक्टर त्या दाराच्या बाजूला बसेल.

आत्महत्या झाल्यानंतरचे चोवीस तास

२००६ मध्ये पंतप्रधानांनी शेतकरी आत्महत्यांमुळे ज्या सहा जिल्ह्यांसाठी विशेष योजना जाहीर केली ते अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा, वाशीम आणि वर्धा होते. या पट्ट्यात मनोविकारतज्ज्ञ म्हणून काम करणे म्हणजे कापसाचा भाव, पावसाचा खंड आणि सावकाराचे व्याज यांचे परिणाम गोळीने आवरण्याची अपेक्षा डोक्यावर घेऊन बसणे होय. गोळी त्यातील एक तुकडा आवरते, आणि तो तुकडा महत्त्वाचा आहे, पण गाव आणि प्रशासन दोघेही उरलेल्या तुकड्यांचा जाब त्यालाच विचारतात.

मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक पिऊन आलेला एक शेतकरी मेडिसीन वॉर्डात वाचला आणि रविवारी त्याला सुटी मिळाली. मनोविकार विभागाकडे त्याचा केसपेपर आलाच नव्हता. पुढच्याच महिन्यात त्याने गळफास घेतला, आणि ‘रुग्णास समुपदेशन का दिले नाही, याचे स्पष्टीकरण तीन दिवसांत सादर करावे’ असे पत्र माझ्या नावाने निघाले. मी स्पष्टीकरण दिले, ते मान्यही झाले. पण त्या घरी मी गेलो नव्हतो, कोणीच गेले नव्हते, हे मला त्या पत्रापेक्षा जास्त लागले.

अशा वेळी पहिले चोवीस तास कोणतेही पत्र काढू नये. शल्य चिकित्सकांनी संबंधित वॉर्ड, परिचारिका आणि मनोविकार विभाग यांना एकत्र बसवून रुग्ण कुठे निसटला एवढेच शोधावे. त्यासोबत कायमचा नियम करावा की विष घेऊन वाचलेल्या कोणत्याही रुग्णाला मनोविकार विभागाच्या नोंदीशिवाय सुटी मिळणार नाही, आणि सुटीच्या दिवशी ही नोंद प्रशिक्षित परिचारिका करील. घरी जाताना टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक डिस्चार्ज कार्डावर मोठ्या अक्षरांत लिहून द्यावा, गावच्या आशाताईंना फोन करावा. २०१७ च्या कायद्याच्या कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरले जाते. वॉर्डात पोलिसांचा जबाब अजूनही गुन्हेगाराला विचारावे अशा जुन्या सुरात घेतला जात असेल तर ठाण्याला ते लेखी कळवावे. हे सगळे एकट्या तज्ज्ञाने करायचे ठरवले की तो दोन वर्षांत थकतो. रुग्णालयाचा नियम म्हणून झाले की त्याच्या वाट्याला फक्त त्याचे काम उरते.

तालुक्यांचे दौरे

ग्रामीण रुग्णालयांतील साप्ताहिक ओपीडी हा या नोकरीतील सर्वांत समाधानाचा भाग आहे, आणि तो बंद पडतो गाडीमुळे. गाडी ऐन सकाळी दुसऱ्या कामाला जाते, ओपीडी रद्द होते, आणि तीस माणसे पायपीट करून परत जातात. पुढच्या खेपेला त्यांतली दहाच येतात. गाडीचा वार ठरवून टाकावा आणि तो शक्यतो तालुक्याच्या बाजाराचा वार असावा, म्हणजे बाजाराला आलेला माणूस वेगळी मजुरी न बुडवता औषध घेऊन जाईल. गडचिरोलीहून सिरोंचा दोनशे किलोमीटरांच्या आसपास आहे. अशा ठिकाणी दर आठवड्याला तज्ज्ञाला पाठवणे हा अत्याचार आहे, तिथे महिन्यातून एक मुक्कामी दौरा आणि मधल्या आठवड्यांत दूरध्वनीवरून सल्ला, अशी आखणी करावी. गोंडी, माडिया किंवा कोरकू बोलणारी स्थानिक परिचारिका सोबत नसेल तर तो दौरा केवळ हजेरीपुरता होतो.

गावपातळीवरची माणसे किती भार उचलू शकतात याचा पुरावा विदर्भातच आहे. अमरावती जिल्ह्यातील तीस गावांत राबवलेल्या ‘विश्राम’ प्रकल्पात गावातीलच कार्यकर्त्यांनी काम केले आणि नैराश्य असलेल्यांपैकी मदतीपर्यंत पोहोचणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. बुलडाणा जिल्ह्यात सैलानीच्या दर्ग्याला रुग्ण नेणाऱ्या कुटुंबांना दटावून काही साधत नाही. ‘तिथेही जा, पण गोळी चुकवू नका’ असे सांगणारी आशाताई डॉक्टरच्या दहा भाषणांपेक्षा उपयोगी पडते.

घराबद्दल थोडक्यात: आवारातील निवासस्थान गळके असेल तर रुजू होण्याआधी दुरुस्त करावे, नंतर ते कधीच होत नाही.

जाणारच असेल तर

एवढे करूनही काही जण जातील. राजीनाम्याची मुदत चालू असतानाच लिथियम, क्लोझापीन आणि महिन्याच्या इंजेक्शनवर असलेल्या रुग्णांची गावनिहाय यादी करून घ्यावी. प्रत्येकाची पुढची तारीख, कोणाकडे जायचे आणि औषध कुठे मिळेल हे तीत असावे, आणि तिची एक प्रत परिचारिकेकडे राहावी. जुन्या स्थिर रुग्णांची गोळी पुढे चालू ठेवण्यास एका वैद्यकीय अधिकाऱ्याला लेखी प्राधिकृत करावे, अन्यथा नवा तज्ज्ञ येईपर्यंत ‘आमचा विषय नाही’ म्हणून त्यांना परत पाठवले जाते. जाणाऱ्याशी शेवटची बोलणी शल्य चिकित्सकांनी स्वतः करू नयेत, कारण ज्याच्या सहीने कार्यमुक्ती मिळायची त्याच्यापुढे कोणी खरे बोलत नाही. समितीतील एखाद्या निवृत्त शिक्षकाने किंवा जुन्या अधिपरिचारिकेने तासभर बसून विचारावे, आणि ‘वैयक्तिक’ या शब्दामागे जे निघेल ते लिहून त्या रिक्त पदाच्या फाइलला जोडावे.